पाहुण्यांना भाकरी वाढायची नाही

आमच्या घरात जेवणाचा एक नियम होता आणि तो माझ्या वडिलांनी घालून दिलेला होता. दारात आलेला माणूस कुणीही असो, त्याच्या ताटात गव्हाची पोळी आणि भात पडला पाहिजे. ज्वारीची भाकरी आपली आपल्यापुरती. पाहुणा हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून जिना उतरला की मगच आई भाकरीचा तवा चुलीवर चढवायची.

वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी काचीगुड्याला आले. गावात असताना, अगदी लहान वयात, त्यांना टोपली घेऊन घरोघर जावं लागे आणि वरून टाकलेली शिळी भाकरी गोळा करून आणावी लागे. हे त्यांनी मला जन्मात एकदाच सांगितलं. तेही मी रागाच्या भरात 'पाहुण्यांना भाकरी दिली तर काय आकाश कोसळणार आहे?' असं विचारल्यावर. "माझ्या दारात आलेल्या माणसाला मी भाकरी देणार नाही," एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन स्टेशनातल्या गाड्या बघत उभे राहिले. पुन्हा मी तो विषय काढला नाही. पुढे वडील गेले, आई गेली, मी आणि माझा नवरा त्याच घरात राहिलो, आणि नियमही आमच्याबरोबर राहिला.

आबिड्सच्या पोस्टातून मी निवृत्त झाले तेव्हा नवरा आधीच निवृत्त होऊन घरी बसला होता. मला काम नव्हतं, म्हणून मी त्याला सुधारायला घेतलं. त्याचं उशिरा उठणं, त्याचा मोबाइल, त्याने वाळत घातलेले टॉवेल. महिनाभरात तो टेकीला आला. "अगं, बाहेर कुणाला तरी तुझी खरोखर गरज असेल, शोध की," असं तो हात जोडून म्हणाला, आणि स्वतःच शोधूनही दिलं.

स्टेशनच्या बाजूला, एका छत्र्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांत एक ट्रस्ट चालतो. टांझानियाच्या आतल्या कोरड्या भागात त्यांचा एक अनाथाश्रम आहे. आसपासच्या खेड्यांत ते विहिरी खणून देतात, शाळेत मुलांना एक वेळ जेवायला घालतात. ट्रस्ट चालवणाऱ्या बाई जुन्या शहरातल्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर काही वर्षं तिकडे राहून आल्या आणि तिथून परतल्याच नाहीत असं म्हटलं तरी चालेल, कारण बोलणं सगळं तिकडचंच. सगळे त्यांना आपा म्हणतात. मी गेले त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गुस्सा आता क्या तुमकू?"

"हौ, आता," मी म्हणाले.

"अच्छा है. मेरेकू बी आता. बैठो."

सुरुवातीला मी दप्तरं भरली, कपडे निवडले, फाटके बाजूला काढले. लोक काय काय देतात! तुटक्या चेनच्या पॅन्ट, एका पायाचे बूट. 'आफ्रिकेतच तर जायचंय,' असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, तेव्हा मी तिची पिशवी तिच्याच हातात परत दिली. आपा आतून खुदकन हसल्या.

मग एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. "एक बच्ची आ रई. दिल में सुराख है. दवाखाने का सब हो गया, बस उसकू रखने के वास्ते साफ घर होना." मी नवऱ्याला न विचारता हो म्हणून टाकलं. घरी येऊन सांगितल्यावर तो म्हणाला, "बरं झालं, आता सुधारायला दुसरं कुणीतरी मिळेल."

पोरगी सात वर्षांची होती आणि चारची दिसत होती. विमानतळावर ती एका मोठ्या माणसाच्या स्वेटरात बुडालेली होती, बाह्या जमिनीला लागत होत्या. बरोबर आश्रमातली बाई होती. पोरगी तान्ही असताना तिचे आईबाप गेले, तेव्हापासून या बाईनेच तिला वाढवलेलं. पोरगी तिला मामा म्हणे, म्हणजे त्यांच्यात आई. माझ्या नवऱ्याला यात फार गंमत वाटली, पण मी त्याला गप्प केलं. मी त्या बाईला ताई म्हणायला लागले, ती मला सिस्टर म्हणे. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे अडचण आली नाही. पोरीने मला पहिल्याच दिवशी बीबी म्हणून हाक मारली. ताईने सांगितलं, बीबी म्हणजे आजी.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. नवऱ्याने खुर्चीत बसवून पोरीला वर आणलं, एका बाजूला तो आणि एका बाजूला खालचा दुकानदार. वर आल्यावर त्या दोघांना जेवढा दम लागला होता त्याहून जास्त तिला लागला होता, आणि ती तर नुसती बसून आली होती. तिच्या गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत ओढला जात होता. ते बघून मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

संध्याकाळी ताईने माझा हात धरला आणि पोरीच्या छातीवर ठेवला. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावला की जशी थरथर लागते, तशी थरथर माझ्या तळहाताला लागली. एवढ्याशा बरगड्यांच्या आत काहीतरी सतत घरघरत होतं. मी हात काढून घेतला आणि पोरगी हसली. तिला माहीत होतं की सगळे असेच दचकतात. तिने माझा हात ओढून परत ठेवला.

दवाखान्यात पडद्यावर तिचं हृदय दाखवलं तेव्हा मी शेजारी उभी होते. निळा रंग एका बाजूने जायला हवा, लाल दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या भिंतीतून दोन्ही रंग एकमेकांत उसळत होते. तो पडदा हलत होता, उघडमीट करत होता, एक क्षण थांबत नव्हता. मी तोपर्यंत हृदय म्हणजे पानाच्या आकाराचं काहीतरी, एवढंच समजत आले होते. साठी उलटून गेली आणि आपल्या आत हे असं चाललेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी खुळ्यासारखी बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

मग त्यांनी आम्हाला समोर बसवून साफ सांगितलं. भोक मोठं आहे. त्यामुळे फुप्फुसांवर दाब वाढत चाललाय. फार थांबलो तर एक वेळ अशी येईल की भोक बुजवूनही उपयोग होणार नाही, उलट धोका. पण आज या अंगावर चाकू चालवता येत नाही. रक्त कमी आहे, वजन नाही, छातीत कफ आहे. "ऑपरेशन झेपेल एवढं अंग आधी करून आणा. नाहीतर मला तिला तशीच परत पाठवावी लागेल," असं त्या म्हणाल्या. परत पाठवणं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. रिक्षात नामपल्लीपर्यंत ताई पोरीचा स्वेटर नीट करत राहिली. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती.

खायला घालायचं, एवढंच ना? मी कंबर कसली. हे काम मला दवाखान्यातल्या कुणाहीपेक्षा चांगलं येतं, अशी माझी समजूत होती. तूप लावलेली मऊ पोळी. बासमतीचा भात. कोंबडीचा रस्सा, तिखट बाजूला ठेवून. खिमा, अंडी, शेवयांची खीर. आपांनी घरून हलीम पाठवली. नवऱ्याने पेढे आणले. ताई प्रत्येक पदार्थाचं तोंड भरून कौतुक करी, स्वतः व्यवस्थित जेवी आणि पोरीच्या कानात काहीतरी कुजबुजे. मग पोरगी एक घास तोंडात घेई. तो घास एका गालातून दुसऱ्या गालात फिरे. बराच वेळ फिरे. शेवटी ती आमच्याकडे अपराध्यासारखी बघत तो गिळे आणि ताट सरकवून देई.

दिवस जायला लागले तशी ती खाटेवरून उठेनाशी झाली. सुरुवातीला गॅलरीत खुर्ची टाकून ती स्टेशनातल्या गाड्या बघायची, प्रत्येक गाडीला हात करायची. तेही थांबलं. समोरची भाजीवाली दोरीला बांधलेल्या टोपलीत भाजी घालताना खालून ओरडायची, "अम्मा, मेहमानां खाए क्या?" आणि मी टोपली भराभर वर ओढून घ्यायचे. मी चिडायला लागले. नवऱ्यावर, मिठावर, गॅसवर. एकदा पोरीवरही आवाज चढला. तिला शब्द कळले नसतील, पण तिने मुकाट्याने तोंड उघडलं आणि घास घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर पुन्हा पोळ्याच लाटल्या.

एका दुपारी दोघी आत झोपलेल्या असताना नवरा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "ऐक, मला आता पोळी बघवत नाही. पोट दगड झालंय. एक भाकरी टाक ना गुपचूप."

"पाहुणे आहेत घरात."

"झोपलेत की. दार लावून घे."

दुसरं कुणी असतं तर मी ऐकलं नसतं, पण खरं सांगायचं तर माझीही जीभ भाकरीसाठी वखवखलेली होती. कपाटाच्या मागे सरकवलेला डबा मी काढला, दार लोटलं, परातीत पीठ मळलं. आता भाकरी गुपचूप थापून दाखवा कुणीतरी! मी कितीही हलक्या हाताने थापायला गेले तरी ती आपला आवाज करणारच. पहिली भाकरी तव्यावर फुगली, दुसरी परातीत होती, आणि दार हलकेच उघडलं.

दारात पोरगी उभी होती. भिंतीला धरून, धापा टाकत, पण स्वतःच्या पायांनी चालत आलेली. ती सरळ परातीपाशी आली, खाली बसली आणि कोरड्या पिठात तिने मूठ खुपसली. मूठ नाकाशी नेली. मग जिभेला लावली.

"म्टामा," ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. ती आत तोंड करून ओरडली, तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मामा! म्टामा!"

ताई धावत आली. पोरीचा हात पिठात बघून तिने तिला दटावलं आणि माझी माफी मागायला लागली. "सॉरी सिस्टर, सॉरी, आम्ही तिला असं शिकवलेलं नाही." मी तिची माफी मागायला लागले, कारण पाहुणे घरात असताना मी चोरून भाकरी करताना सापडले होते. दोघी एकदम बोलत होतो, दोघींचे चेहरे शरमेने उतरलेले. तेवढ्या वेळात पोरीने तव्यावरची भाकरी उचलली होती. हात पोळत होता म्हणून ती भाकरी या हातातून त्या हातात टाकत होती, फुंकत होती आणि तुकडे तोडून खात होती. घास गालात फिरत नव्हता. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं तेव्हा मी बोलायची थांबले.

सगळं कळायला थोडा वेळ लागला. म्टामा म्हणजे ज्वारी. तिकडे, त्यांच्या भागात, दुसरं फारसं पिकत नाही. सकाळी ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, तिला ते उजी म्हणतात, आणि रात्री त्याच पिठाचा घट्ट गोळा. पोरगी जन्मल्यापासून तेच खात आली होती. निघताना ताईने तिला बजावून सांगितलं होतं की तिथे म्टामा मागायचा नाही. आपण गरीब आहोत, आपल्याकडे दुसरं काही नसतं, असं त्यांना वाटेल. ते जे देतील ते खायचं. आणि पोरगी तेच करत होती, जेवढं जमेल तेवढं. घासागणिक कानात कुजबुज चालायची ती हीच.

आणि इकडे मी, माझ्या वडिलांच्या शब्दाखातर, डबा कपाटामागे लपवून बसले होते.

"म्हणजे तुम्ही दोघी मिळून पोरीला उपाशी ठेवत होता," नवरा म्हणाला. तो थट्टेत बोलला, पण मला हसू आलं नाही. मी ताईला इंग्रजीत ते सांगितलं तेव्हा ती खाली बसली आणि पदर नव्हता म्हणून तिने अंगावरचं फडकं तोंडाला लावलं. मग मी दुसरी भाकरी तव्यावर टाकली, कारण पोरीची पहिली संपली होती.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर ताईचं आणि माझं, अर्धं अर्धं. तिने रात्री पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवलं. मी म्हणाले, अगं ही तर आंबील! आमच्याकडे ताकात कालवतात. ती म्हणाली, ताक कशाला? मी म्हणाले, मग लसूण तरी? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पेजेत औषध घालायला निघाले होते. एका शेगडीवर तिची, एका शेगडीवर माझी, आणि दोघी आपापली पळी फिरवत एकमेकींच्या पातेल्यात डोकावत होतो. डॉक्टरांनी मीठ कमी द्यायला सांगितलं होतं, त्यामुळे तिची साखर घातलेली पेज जिंकली. माझी आंबील नवऱ्याने संपवली.

त्याच संध्याकाळी तो मोबाइल घेऊन गॅलरीतून आत आला. चेहरा गंभीर. "ऐकलंस का? ज्वारी आपली नाहीच. मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली असं लिहिलंय."

मला खरं वाटेना. ज्वारी आपली नाही? नांदेडच्या काळ्या मातीतली, आमच्या सात पिढ्यांच्या पोटातली ज्वारी? मी ताईला विचारलं. ती पोरीच्या केसांच्या बारीक वेण्या घालत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"हो मग. तुम्हाला कुठून आली वाटलं?"

त्या संध्याकाळी मी गॅलरीत, वडील जिथे उभे राहायचे तिथे, बराच वेळ उभी होते. कुणीतरी, केव्हातरी, फडक्याच्या टोकाला दाणे बांधून समुद्र ओलांडला असेल. बाई असेल की बाप्या, कोण जाणे. ते दाणे कुठल्याशा किनाऱ्यावर पडले, तिथून आत आत येत आमच्या मातीपर्यंत पोचले. किती हातांनी पेरले, किती हातांनी खुडले, किती जात्यांवर दळले. मग एके दिवशी त्यांचीच भाकरी शिळी होऊन एका लहान मुलाच्या टोपलीत वरून पडली, आणि तो मुलगा आयुष्यभर तिला लाजला. आणि आता त्याच्याच घरात, जिथून ते दाणे निघाले तिथल्या एका पोरीने पिठात मूठ घालून एका वासात ओळख पटवली होती. पोस्टात मी आयुष्यभर लोकांचं टपाल इकडून तिकडे पाठवलं. पण एवढ्या लांबून, एवढ्या काळाने आलेलं आणि बरोबर ज्याचं त्याला मिळालेलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. वडील असते तर त्यांना हे सांगायला मी खाली स्टेशनापर्यंत पळत गेले असते.

पोरगी सुधारायला लागली. एकदम नाही. मध्ये ताप आला, पुन्हा दवाखाना झाला, ताईने दोन दिवस पाणीसुद्धा नीट घेतलं नाही. पण भूक परतली होती. सकाळी उजी, दुपारी भाकरी, भाकरीबरोबर जे म्हणाल ते. कोंबडी, अंडी, मेथी, सगळं जायला लागलं. नवऱ्याने तिच्याबरोबर एक खेळ सुरू केला. मी भाकऱ्या करायला बसले की तो तिला वडिलांचा नियम आपल्या पद्धतीने सांगे. "पाहुण्याला पोळी, घरच्याला भाकरी. तू कोण?" तिने ताट पुढे करून म्हणायचं, "घरची!" मग तिला पहिली भाकरी. रोज तेच, रोज तेवढंच हसणं. गाड्यांना हात करणंही पुन्हा सुरू झालं.

डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघितला, रक्ताचा कागद बघितला आणि भुवया उंचावल्या. "काय खायला घालता?"

"ज्वारी."

"जोन्नलु?" त्या तेलुगूतून एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की बाहेरची नर्स आत आली. मग म्हणाल्या, रक्त तर औषधांनी वाढलंय, ज्वारीने फक्त भूक आणली. त्या 'फक्त'चा मला राग आला, पण त्यांनी ऑपरेशनचा दिवस सांगितला म्हणून मी तो गिळला.

त्या दिवशी पहाटे पोरीला आत नेलं. मला आधीच समजावून सांगितलं होतं की तिचं हृदय थांबवतील, तेवढा वेळ एक यंत्र तिचं रक्त फिरवेल, आणि शिवून झालं की हृदय पुन्हा चालू करतील. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावली. बाहेर बाकावर बसल्यावर त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. आत्ता, या भिंतीपलीकडे, ते बंद आहे. ताई बारीक आवाजात तिच्या चर्चचं गाणं म्हणत होती, आपा ओठ हलवत होत्या, मी मनात बुद्धवंदना म्हणत होते आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. नवरा व्हरांड्यात फेऱ्या घालत होता. माणसांनी माणसाचं हृदय थांबवावं आणि परत चालवावं, हे माझ्या बुद्धीत मावत नव्हतं. अजूनही मावत नाही.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी टोपी काढली, केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी ताईकडे बघून नुसती मान हलवली, होकाराची. ताई उठली ती सरळ त्यांच्या पायांशी गेली. त्यांनी तिला उभी केली आणि म्हणाल्या, "पहिल्याच झटक्याला चालू झालं. पोरगी जिद्दीची आहे."

तोंडातली नळी काढल्यावर पोरीने पहिला शब्द काढला तो नर्सला कळला नाही. तिने बाहेर येऊन आम्हाला विचारलं, "उजी म्हणजे काय?"

महिन्याभराने त्यांचं परतीचं विमान ठरलं. त्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी आपांना बोलावलं होतं. निरोपाचं जेवण, म्हणून पहाटे उठून मी सगळं केलं. पोळ्या, मसालेभात, कोंबडी, खीर. हात आपोआप त्याच वळणाने चालले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्या घरी हेच वाढतात. बॅगा दाराशी लागल्या होत्या. पोरगी आपांनी आणलेल्या नव्या फ्रॉकमध्ये येऊन पाटावर बसली. आता ती जिना स्वतः चढत होती, एका दमात.

मी तिच्या ताटात पोळी वाढली.

तिने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता नवऱ्याचा खेळ सुरू होईल, हसेल. पण तिचा खालचा ओठ हलायला लागला आणि बघता बघता डोळे भरले.

"बीबी," ती मराठीत म्हणाली, "मी घरची."

आपांचा घास हातातच राहिला. ताईला शब्द कळले नाहीत, तरी ती ताटाकडे बघून सगळं समजली. मी ती पोळी उचलून नवऱ्याच्या ताटात टाकली, आत गेले आणि परात घेतली.

पोरगी माझ्या मागे मागे आली आणि नेहमीच्या जागी येऊन उकिडवी बसली. मी पीठ मळलं, थापायला लागले. भाकरीचा काठ फाटत होता. ती बघत होती. मी भाकरी तव्यावर टाकल्यावर तिने माझा पिठाचा हात धरला आणि पहिल्या दिवसासारखा आपल्या छातीवर ठेवला.

गिरणी थांबली होती. तळहाताला फक्त ठोका लागत होता, एकेक, स्वच्छ. मी हात काढायचं विसरले. भाकरीचा करपल्याचा वास आला तेव्हा नवऱ्याने आत येऊन ती उलटली.

तिच्या नव्या निळ्या फ्रॉकवर माझा अख्खा पंजा उमटला होता, पाचही बोटं. ताई तो झटकायला पुढे झाली तर पोरीने दोन्ही हातांनी छाती झाकून घेतली. "नक्को," ती म्हणाली. मग करपलेली भाकरी तिनेच खाल्ली, मला दिली नाही. ज्वारीच्या पिठाचा तो हात अंगावर घेऊन ती जिना उतरली, गाडीत बसली आणि घरी गेली.